घराचं संग्रहालय करायचं, तर आधी साल ठरवा

एखाद्या मोठ्या माणसाचं घर 'स्मारक' करायचं ठरलं की आपल्याकडं दोन गोष्टी हमखास होतात. भिंतींना ऑइलपेंट लागतो आणि शहाबादी उखडून चकचकीत टाइल बसते. उद्घाटनाला घर छान दिसतं. फक्त ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो माणूस त्या घरात कुठं बसत होता, कुठं जेवत होता, हे मात्र शोधून सापडत नाही.

म्हणून गवंड्याला बोलावण्याआधी, देणगीची पावती फाडण्याआधी, एक प्रश्न कागदावर लिहून सोडवायचा: हे घर कोणत्या सालातलं दाखवायचं? घर शंभर-दीडशे वर्षं उभं असेल तर त्यात पाच-सहा घरं एकावर एक बसलेली असतात. आजोबांचा सोपा, मुलानं काढलेली गच्ची, नातवाचा संडास-बाथरूम. सगळंच ठेवतो म्हटलं तर काहीच दिसत नाही. जुनं तेवढं ठेवून बाकी पाडतो म्हटलं, तर कधीकधी त्या माणसाच्या हयातीतलीच भिंत पडते.

अमेरिकेत माजी राष्ट्राध्यक्षांची घरं जपायची परंपरा जुनी आहे. त्यांनी हा प्रश्न कसा सोडवला ते बघण्यासारखं आहे. जॉर्ज वॉशिंग्टन यांचं माउंट व्हर्नन 1858 साली स्त्रियांच्या एका संस्थेनं 2 लाख डॉलरला विकत घेतलं. तेव्हा त्याच्या नदीकडच्या ओसरीचं छत जहाजांच्या डोलकाठ्यांचे टेकू देऊन धरलेलं होतं. त्यांनी साल धरलं 1799, म्हणजे वॉशिंग्टन गेले ते वर्ष. लिंकन यांनी स्प्रिंगफील्डचं घर 1844 मध्ये घेतलं, वरचा मजला पुरा वाढवला तो 1856 मध्ये, आणि 1861 च्या फेब्रुवारीत ते वॉशिंग्टनला गेले. तिथं साल धरलंय 1860. एका साप्ताहिकानं 1861 मध्ये त्या घरातल्या खोल्यांची चित्रं छापली होती. गालिचा, खुर्च्या, कपाट कुठं होतं याचा पुरावा त्यात मिळाला, म्हणून ते साल निभावता आलं. पुरावा नसलेलं साल धरलं तर नाटकाचा सेट तयार होतो.

ट्रुमन यांच्या घराची गोष्ट वेगळी. ते 1972 मध्ये वारले, बायको बेस त्याच घरात 1982 पर्यंत राहिल्या. तिथं मागं जाऊन कुठलं वैभवाचं साल उभं केलं नाही. बाई गेल्या तेव्हा घर जसं होतं तसंच ठेवलं. ट्रुमन यांचा कोट आणि टोपी खुंटीला आहेत. आपल्याकडच्या बहुतेक घरांना हाच मार्ग परवडणारा आहे आणि खरं सांगायचं तर जास्त प्रामाणिकही. काही 'उभं' करावं लागत नाही, आहे ते हलू द्यायचं नसतं.

आता कोल्हापुरात या. कसबा बावड्यातला लक्ष्मी विलास पॅलेस हे राजर्षी शाहूंचं जन्मघर. 26 जून 1874 ला कागलकर घाटग्यांच्या घरातले यशवंतराव इथं जन्मले आणि 17 मार्च 1884 ला दत्तक जाऊन करवीरचे शाहू छत्रपती झाले. म्हणजे या वास्तूचं साल फार तर 1874 ते 1884 एवढंच. दहा वर्षांच्या पोराचं घर आहे हे. 1902 चा पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम, राधानगरीचं धरण, माणगावची परिषद ही सगळी महाराजांची कामं, पण ती या भिंतींमध्ये घडलेली नाहीत. ती सांगायचीच, पण बाहेरच्या वेगळ्या दालनात, फलकांवर. जन्माच्या खोलीत सिंहासनाची प्रतिकृती ठेवली की बघणाऱ्याच्या डोक्यात कायमचा घोळ होतो. नवा राजवाडा पुरा झाला तोही 1884 मध्येच. तिथं खाली संग्रहालय आणि वर राहतं घर अशी व्यवस्था आहे, त्यामुळं तिथला प्रश्नच निराळा: वास्तू अजून जगते आहे, तिला एका सालात गोठवता येत नाही. तिसरा नमुना राजारामपुरीतला. अभिनेते-चित्रकार चंद्रकांत मांडरे यांचं राहतं घर आज त्यांच्या चित्रांचं कलासंग्रहालय आहे. तिथं घरापेक्षा चित्रं महत्त्वाची, म्हणून साल घराला नाही, चित्राला लावायचं. जन्मघर, राहतं घर आणि संग्रहाचं घर हे तीन प्रकार एकदा ओळखले की निम्मी भांडणं मिटतात.

साल ठरलं की नोंदवही. सामान हलवण्याच्या आधी, नंतर नाही. प्रत्येक खोलीचे चारही भिंतींकडं तोंड करून चार फोटो, एक छताचा, एक जमिनीचा. मग वस्तूला क्रमांक: वर्ष, त्या वर्षातली कितवी देणगी, तिच्यातली कितवी वस्तू. 2025.14.3 म्हटलं की 2025 मध्ये आलेल्या चौदाव्या देणगीतली तिसरी वस्तू. हा क्रमांक वस्तूवर कसा घालायचा यातच बरीच नासधूस होते. स्टिकर नको, त्याचा डिंक दहा वर्षांत पिवळा डाग पाडतो. मार्कर नको. कागदाला मागच्या बाजूच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलनं, हलक्या हातानं. कापडाला सुती फितीवर लिहून ती फीत चार टाक्यांनी अडकवायची. धातूला आणि लाकडाला दिसणार नाही अशा जागी पॅरालॉइड बी-72 या पारदर्शक राळेचा एक हात, त्यावर शाईनं आकडा, त्यावर पुन्हा एक हात. उद्या काढायचं म्हटलं तर ॲसिटोननं निघतं.

नोंदवहीत 'कोणी दिलं' आणि 'कायमचं दिलं की ठेवायला दिलं' हे दोन रकाने रिकामे राहिले तर पुढं फार महागात पडतं. लिंकन यांच्या घरात ओल्ड्रॉइड नावाचे एक संग्राहक आधी भाडेकरू म्हणून आले, मग 1887 मध्ये घर सरकारजमा झाल्यावर तेच रखवालदार झाले. घर भरलं होतं त्यांच्या स्वतःच्या संग्रहानं. 1893 मध्ये त्यांची नेमणूक गेली आणि ते सगळा संग्रह उचलून वॉशिंग्टनला गेले. चूक त्यांची नव्हे, वस्तू त्यांच्याच होत्या. पण घर रिकामं झालं. आपल्याकडं भाऊबंदकी पाहता दानपत्र लेखी हवंच, त्यावर सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात आणि वस्तू ठेव म्हणून आली असेल तर मुदत लिहिलेली हवी. शंभर वर्षांच्या पुढची मूर्ती, चित्र किंवा तसलीच वस्तू, आणि पंच्याहत्तर वर्षांच्या पुढची मोलाची हस्तलिखितं 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात. तलवारी-बंदुकांचं पोलिसांकडं आधी विचारून घ्या. आजोबांची तलवार आहे म्हणून कायदा बाजूला होत नाही.

मग येते वास्तू. काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या भिंतीचा सगळ्यात मोठा शत्रू पाऊस नाही, सिमेंट आहे. जोत्यातून पाणी भिंतीत थोडं थोडं चढतच असतं. चुन्याचा गिलावा ते बाहेर सोडतो, भिंत वाळते. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की पाण्याची वाट बंद. मग ते आणखी वर चढतं, क्षार फुलतात, पोपडे सुटतात, आणि शेवटी ओल पोचते कडीपाटाच्या, म्हणजे लाकडी छताच्या कड्यांच्या, भिंतीत घुसलेल्या टोकांपर्यंत. खालून कडी ठणठणीत दिसते, भिंतीतलं टोक मात्र भुसा झालेलं असतं. दर दसऱ्याला प्रत्येक कडीचं भिंतीलगतचं टोक टोच्यानं तपासायचं. टोच्या सहज सेंटिमीटरभर आत गेला तर त्या कडीखाली टेकू देऊनच पुढचं बोलायचं. ऑइलपेंट आणि ॲक्रिलिक रंगही हेच करतात, फक्त जरा सावकाश.

दुसरी चूक अंगणातली. पेव्हिंग ब्लॉक टाकताना अंगण अर्धा-पाऊण फूट उंचावतं, जोतं बुडतं आणि पावसाचं पाणी थेट भिंतीशी टेकतं. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला ढाळ हवाच, मीटरमागं दोन सेंटिमीटर तरी. भिंतीलगतचा मीटरभर पट्टा मोकळा ठेवा. तिथं ना कुंड्या, ना वेल, ना शोभेची झाडं. वाळवीची मातीची नळी भिंतीवर चढते ती याच आडोशानं, आणि कुंडी लावली की ती दिसतही नाही.

चुन्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करून फेब्रुवारीअखेर आवरायचं. पावसात चुना धरत नाही, वैशाखात वाळून भेगा पडतात. कळीचा चुना विझवून पाण्याखाली निदान पंधरा दिवस मुरवायचा, महिना-दीड महिना मिळाला तर उत्तम. मग गाळून घ्यायचा. गिलाव्याला एक भाग चुना, एक भाग सुरखी (भाजलेल्या विटांची भुकटी) आणि एक ते दीड भाग धुतलेली वाळू. वाळू धुतलेली म्हणजे मूठभर वाळू बाटलीभर पाण्यात हलवून ठेवली तर वरचं पाणी गढूळ राहायला नको. गूळ-हिरड्याचं पाणी जुन्या गवंड्यांचं आवडतं आणि गुळाला कोल्हापुरात तोटा नाही, म्हणून हात सैल सुटतो. गूळ जास्त झाला की चुना धरायला वेळ लागतो आणि मुंग्या-बुरशी बोनस. दोन फूट बाय दोन फुटांचे तीन नमुने मागच्या भिंतीवर करून महिनाभर बघा, मग प्रमाण ठरवा. एका वेळी थर दहा-बारा मिलिमीटरचा, त्यावर गोणपाट, आणि आठ-दहा दिवस गोणपाट ओलं. जुना सिमेंटचा गिलावा काढायला ब्रेकर लावू देऊ नका. छिन्नी-हातोडीनं वेळ लागतो, पण दगडाचे सांधे हलत नाहीत.

कौलं आणि पन्हळ्या मृगाच्या आधी, म्हणजे मेअखेरपर्यंत साफ झाल्या पाहिजेत. तुटकी कौलं बदलायला त्याच मापाची शंभर-दीडशे कौलं परसात रचून ठेवा. ऐन जुलैत तशी कौलं शोधत हिंडायची वेळ येते आणि शेवटी ताडपत्री बसते ती पुढच्या उन्हाळ्यापर्यंत.

पंचगंगेच्या पूररेषेतल्या घराला आणखी एक कागद लागतो. राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. 2019 आणि 2021, दोन्ही वेळा पाणी 55 फुटांच्या वर गेलं. तेव्हा 'पाणी आलं की बघू' नाही. 39 फुटांना काय हलवायचं, 43 ला काय हलवायचं, हे दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेलं असावं. कागद आणि कापड आधी, फोटो त्यापाठोपाठ, लाकडी सामान शेवटी. चावी दोघांकडं, आणि दोघं एकाच गल्लीतले नकोत, नाहीतर दोघांच्याही दारात पाणी एकदमच येतं. एवढं करूनही कागद भिजलेच तर तुमच्या हातात अठ्ठेचाळीस तास असतात, त्यानंतर बुरशी धरते. पंख्याच्या हवेत, उन्हात नाही, पांढऱ्या टिपकागदावर सुटे करून वाळवा. गठ्ठा मोठा असेल आणि माणसं कमी, तर पिशव्यांत भरून गोठवून ठेवा आणि पुढं थोडे थोडे काढा. एकमेकांना चिकटलेले फोटो ओढू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, बहुतेक आपोआप सुटतात.

गर्दीचा हिशेब कुणी करत नाही. राहत्या घराचा मजला साधारण चौरस मीटरला 200 किलोच्या हिशेबानं धरतात. जिथं माणसं गोळा होतात अशा इमारतीला 400 ते 500 किलो. जुन्या कडीपाटाला तर कुणी आकडाच काढलेला नसतो. शाळेची सहल वरच्या माडीवर एकदम चढली आणि सगळी पोरं एकाच खिडकीशी गोळा झाली की काय होईल ते वेगळं सांगायला नको. ट्रुमन यांच्या घरात एका खेपेला आठच माणसं सोडतात आणि वरचा मजला दाखवतच नाहीत. आपल्याकडं आठ जमणार नाहीत, पण माडीवर एका वेळी पंधरा आणि जिन्यात पाच, हा आकडा रखवालदाराला पाठ हवा. बाकीचे सोप्यात बसतील. सोपा त्याचसाठी असतो.

आपल्या लोकांची एक सवय मात्र संग्रहालयाच्या सोयीची आहे: चपला बाहेर काढणं. चपलांच्या तळव्यातली बारीक वाळू लाकडी जमीन पॉलिशपेपरसारखी घासते, ते टळतं. दुसरी सवय अवघड आहे. जयंतीला माणसं हार घेऊन येतात, खुर्चीला कुंकू लावतात, फोटोपुढं उदबत्ती लावतात, नारळ फोडतात. नाही म्हणायला तोंड होत नाही आणि म्हणूही नये. पण ओला हार तैलचित्राच्या चौकटीवर टेकला की पाणी मागच्या कॅनव्हासला लागतं, उदबत्तीची काजळी रंगावर बसते आणि ती पुसायला गेलं की रंगही निघतो. उपाय सोपा: बाहेर सोप्यात एक नवा, मोठा, छापील फोटो लावा. पुढं दगडी चौथरा, शेजारी नारळ फोडायची जागा. श्रद्धा तिथं फिटते, आतली खुर्ची वाचते.

उजेडाचं गणित थोडक्यात. लक्स हे उजेडाचं माप. पत्रं, साड्या, जलरंग यांना 50 लक्सपेक्षा जास्त नको, तैलचित्राला 200 चालतात. नुकसान साठत जातं. 50 लक्स रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस, म्हणजे 1 लाख 20 हजार लक्स-तास. खिडकीशेजारी 500 लक्स सहज असतात, म्हणजे तेवढाच तोटा अवघ्या महिन्याभरात. मांजरपाटाचे दुहेरी पडदे लावा. पत्रांच्या चांगल्या प्रती मांडा, मूळ पत्रं पेटीत. लॅमिनेशन केलेलं पत्र गेलंच समजा, ते पुन्हा सुखरूप सोडवणं फार अवघड. पावडर शेडिंगच्या चित्रांना तर उजेडापेक्षा धक्क्याची भीती जास्त. पावडर कागदावर नुसती टेकलेली असते. अशी चित्रं रस्त्याकडच्या भिंतीवर किंवा दाराच्या आपटण्याच्या जागी नकोत, आणि काच चित्राला चिकटता कामा नये.

दमटपणा मोजायचं साधं यंत्र काही शेकड्यांत मिळतं. सकाळी दहाला आणि संध्याकाळी पाचला आकडा वहीत. 65 टक्क्यांच्या वर राहू लागला की बुरशीचा धोका सुरू होतो. आषाढ-श्रावणात इथं तो वरच असतो, म्हणून तेव्हा कपाटं भिंतीपासून तीन इंच पुढं ओढून पंखा चालू ठेवा. एसी फक्त पाहुणे असताना लावणं हे तर एसी नसण्यापेक्षा वाईट. दिवसा कोरडं, रात्री दमट, या हेलकाव्यानं लाकूड उलतं आणि रंग सुटतो.

पितळ चिंचेनं घासू नका, चांदी राखेनं किंवा रांगोळीनं नाही. लखलखीत होतं ते वरचा थर गेल्यामुळं, आणि त्याबरोबर कोरलेलं नावही दरवेळी थोडं थोडं जातं. तलवारीला खोबरेल लावायची पद्धत आहे. ते चिकट होऊन धूळ धरतं आणि पुढं त्याचंच आम्ल होतं. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात वर्षातून एकदा पुरतो. पेंढा भरलेले वाघ-बिबटे, सांबराची मुंडकी असतील तर हातमोजे आणि मास्क घातल्याशिवाय झाडू नका, आणि पोरांना हात लावू देऊ नका. जुन्या काळी कातडं किडू नये म्हणून सोमल, म्हणजे आर्सेनिक वापरायचे. ते अजून त्या केसांत आहे.

कापडाला आणि वह्यांना कसर लागली तर डांबरगोळ्यांवर भरवसा नको, कपाटात ठेवल्या तर बहुतेक वेळा नुसता वास येतो. वस्तू जाड प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करा आणि घरगुती डीपफ्रीझरमध्ये, उणे 18 ला, दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी चोवीस तास उघडायची नाही. घाई केली तर गार कापडावर दव धरतं आणि कसर मारून बुरशी पाळल्यासारखं होतं. हस्तिदंत, तैलचित्र, काचेवरची छायाचित्रं यांना हा उपाय नको.

शेवटी फेटा. जवळजवळ प्रत्येक घरात एक असतो, बांधलेला, कपाटावर ठेवलेला, धुळीनं करडा झालेला. पहिली ऊर्मी येते तो सोडून धुऊन पुन्हा बांधायची. ते करू नका. कापड बाजारात मिळतं, त्या माणसानं त्या वर्षी घातलेले पेच परत मिळत नाहीत. आधी चारही बाजूंनी आणि वरून फोटो घ्या, शेमला, म्हणजे मागं सोडलेलं टोक, किती बोटं खाली येतो ते मोजा. पेच कुठून सुरू होतो ते साध्या रेघांच्या चित्रात काढून ठेवा. मग बकरीच्या केसांच्या मऊ ब्रशनं धूळ वरून खाली ढकलत व्हॅक्यूमच्या नळीकडं न्यायची. नळीच्या तोंडाला मलमलीचं फडकं रबरानं बांधलेलं, ओढ सगळ्यात कमी. जरीच्या किनारीवर ब्रश नाही, नुसती हवा. आतली पोकळी भरायला वर्तमानपत्राचे बोळे नकोत, त्यातलं आम्ल कापडात उतरतं. धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीची सैल पुरचुंडी बसवा. ती एवढीच की फेटा स्वतःच्या वजनानं बसणार नाही आणि पेच ताणलेही जाणार नाहीत. क्रमांक लिहिलेली फीत आतल्या बाजूला, दोन टाक्यांनी.